फितीत किती मावते?

काशीत शिंद्यांच्या घाटावरून गंगेच्या काठाने उत्तरेकडे चालू लागले, की भोसले घाट लागतो, पुढे रामघाट येतो, आणि मग बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गाघाट व ब्रह्माघाट अशी ओळ लागते. यांतील कित्येक नावे कानी पडताच महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला आपण अगदीच परमुलखात नाही असे वाटू लागते. शतकानुशतके दक्षिणेतून विद्यार्थी आणि पंडित या गल्ल्यांत येत राहिले. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट हे याच नगरीचे. घाटाच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर कुठल्यातरी घरातून मराठी बोलणे ऐकू यावे, ही गोष्ट येथे नवलाची नाही.

या रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत या विद्यालयाचे नाव देशभर वर्तमानपत्रांतून झळकले. अहिल्यानगरहून आलेल्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुण वैदिकाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रमाने पारायण केले. ते पन्नास दिवस चालले, आणि समोर पोथी नव्हती. दंडक्रम म्हणजे पदांची जोडी सरळ म्हणावयाची, मग उलट, मग पुन्हा सरळ. आणि दर फेरीस एकेक पद वाढवीत शेवटापासून आरंभापर्यंत मागे यावयाचे व परत आरंभापासून निघावयाचे. ऐकणाऱ्याला वाटावे, की तेच ते पुन्हा चालले आहे. म्हणणाऱ्याला मात्र प्रत्येक पावलावर संधी बदलतो, स्वर बदलतो आणि जागा चुकण्याचा धोका वाढत जातो.

ही वार्ता वाचली तेव्हा माझ्या मनात एक अगदी व्यवहारी प्रश्न आला. असे पारायण ध्वनिमुद्रित करून पुढच्या पिढीसाठी जपून ठेवावयाचे म्हटले, तर फीत किती लागेल? प्रश्न दुकानदाराला विचारण्यासारखा आहे, आणि उत्तर फितीच्या वेष्टनावर छापलेले असते. पण तेथे एक आकडा नसून दोन असतात. मोठा आकडा मोठ्या अक्षरांत आणि लहान आकडा लहान अक्षरांत. संगणकाच्या साठ्यासाठी आज वापरात असलेल्या एका प्रकारच्या फितीवर ‘४५’ असे ठळक लिहिलेले आढळते आणि खाली कोठेतरी ‘१८’ हा आकडा असतो. परिमाण टेराबाइटचे. बाइट म्हणजे संगणकाचे एक अक्षर, आणि टेराबाइट म्हणजे अशी एक लाख कोटी अक्षरे. मग खरे किती मावते? पंचेचाळीस की अठरा? या साध्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

चुंबकीय फितीचा जन्म जर्मनीत झाला. फ्रिट्झ फ्लोयमर याने १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहाच्या भुकटीचा थर देऊन तीवर ध्वनी उमटविण्याचे एकस्व घेतले. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ‘माग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांपुढे आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या अमेरिकेत व तेथून जगभरच्या नभोवाणी केंद्रांत पोचली. आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना सात इंची चाकावर गुंडाळलेली ती तपकिरी फीत आठवत असेल. तिची लांबी बाराशे फूट. ती सेकंदाला साडेसात इंच या वेगाने फिरविली तर बत्तीस मिनिटांचे भाषण तीवर मावे. वेग निम्मा केला तर चौसष्ट मिनिटांचे मावे, पण आवाजाची सफाई जाई. म्हणजे फीत किती लांब हे ठाऊक असूनही तीवर किती मावते हे सांगता येत नसे. काय साठवावयाचे आणि कशा रीतीने, हे आधी विचारावे लागे.

१९५० च्या दशकाच्या आरंभी हीच फीत संगणकाच्या सेवेस आली. १९५१ च्या युनिव्हॅकमध्ये ती धातूची होती. आयबीएमने १९५२ साली प्लास्टिकची आणली. पुढे अर्धा इंच रुंदीची चोवीसशे फुटी फीत जगभर रूढ झाली, आणि १९६० च्या दशकात तीवर एका इंचात सोळाशे अक्षरे लिहिण्याची सोय झाली. चोवीसशे फूट म्हणजे अठ्ठावीस हजार आठशे इंच. गुणाकार केला तर चार कोटी साठ लाखांहून थोडी अधिक अक्षरे होतात. जाहिरातीत हाच आकडा येणार.

आता हिशेबनीस काय अनुभवीत असे ते पाहू. फीत थांबते आणि पुन्हा सुरू होते, तेव्हा वेग घेण्यासाठी यंत्राला दोन नोंदींमध्ये कोरी जागा सोडावी लागे. ती सहा-दशांश इंच असे. त्या काळची नोंद बहुधा एका छिद्रपत्राएवढी, म्हणजे ऐंशी अक्षरांची. ऐंशी अक्षरांना जागा लागे एक इंचाचा विसावा भाग, आणि पुढचे कोरे अंतर त्याच्या बारापट! अशा रीतीने एकेक नोंद लिहीत गेले तर सबंध फितीवर साडेपस्तीस लाख अक्षरेच मावत. उरलेली फीत नुसती कोरी फिरे. तेच शंभर नोंदींचा एक गठ्ठा करून लिहिले, तर चार कोटी अकरा लाख अक्षरे मावत. फीत तीच, यंत्र तेच. लिहिणाऱ्याच्या रीतीने बारापटींचा फरक पडे. फितीची क्षमता ही फितीत नसते, ती तीवर ठेवलेल्या मजकुरात आणि ठेवणाऱ्याच्या शहाणपणात असते, हा धडा लोकांना तेव्हाच मिळाला होता. तो पुढे विसरला गेला, कारण मधे संक्षेपाची कला आली.

संक्षेपाची कला मात्र नवी नव्हे, आणि तिचा विचार करताना पुन्हा काशीलाच यावे लागते. पाणिनीने संस्कृत भाषेचे सारे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बसविले. ते कसे? एक उपाय असा, की वर्णांच्या चौदा लहान सूत्रांची मांडणी करून त्यांवरून प्रत्याहार तयार केले. ‘अच्’ म्हटले की सारे स्वर आले आणि ‘हल्’ म्हटले की सारी व्यंजने आली. दुसरा उपाय अनुवृत्तीचा. एका सूत्रात आलेले पद पुढच्या सूत्रांत पुन्हा लिहावयाचे नाही. ते मागून चालत आले आहे असे समजावयाचे. या मार्गाचा मोठा भाष्यकार नागेशभट्ट काळे हा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीतच होऊन गेला. त्याच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथाच्या अखेरीस एक प्रसिद्ध वचन आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माएवढा आनंद होतो, असा त्याचा भाव आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील फ्रान्झ कीलहॉर्न यांनी या ग्रंथाचे संपादन व भाषांतर करून तो पाश्चात्त्य पंडितांपुढे ठेवला.

आता संगणकाची फीत लिहिणारे यंत्र काय करते ते ऐकावे. १९७७ साली अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या दोघा इस्रायली शास्त्रज्ञांनी एक रीत मांडली. मजकूर लिहिताना यंत्र नुकताच गेलेला भाग आपल्या स्मृतीत ठेवते. तेच शब्द पुन्हा आले, की ते अक्षरशः न लिहिता ‘इतकी घरे मागे जा आणि तेथून इतकी अक्षरे घे’ एवढीच खूण लिहिते. ही अनुवृत्तीच आहे. फरक एवढाच, की पाणिनीची अनुवृत्ती अर्थ जाणते, यंत्राची केवळ अक्षरे जुळविते. आयबीएमने १९८४ साली आणलेल्या चौकोनी पेटीतल्या फितीत दोनशे मेगाबाइट, म्हणजे वीस कोटी अक्षरे मावत. १९८६ पासून तिच्या यंत्रात मजकुराचा संक्षेप करणारी योजना बसू लागली. तेव्हापासून वेष्टनावर दुसरा, मोठा आकडा दिसू लागला.

२००० साली एचपी, आयबीएम आणि सीगेट या तीन कंपन्यांनी मिळून ‘एलटीओ’ नावाची फीत बाजारात आणली. आज जगात मोठ्या साठ्यांसाठी मुख्यतः तीच चालते. पहिल्या पिढीची मूळ क्षमता शंभर गिगाबाइट होती आणि संक्षेपासह दोनशे सांगितली जाई. म्हणजे मजकूर निम्मा होईल असे गृहीत धरले होते. पाचव्या पिढीपर्यंत, २०१० सालापर्यंत, हेच प्रमाण राहिले. २०१२ च्या सहाव्या पिढीत यंत्राची स्मृती वाढविली आणि गृहीत प्रमाण अडीचपट केले; अडीच टेराबाइटची फीत सव्वासहाची म्हणून विकली जाऊ लागली. २०२१ ची नववी पिढी मूळ अठराची आणि अडीचपटीने पंचेचाळीसची. गंमत अशी, की या पिढीसाठी आधी चोवीस टेराबाइट जाहीर झाले होते, ते पुढे अठरावर आणले गेले. आणखी एक लहानसा भेद आहे. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतात आणि कित्येक संगणक एक हजार चोविसाच्या पटीने. त्यामुळे अठराची फीत संगणकाच्या पडद्यावर १६.४ अशी दिसते. यात लबाडी नाही, मापे निराळी आहेत. पण मणाचा हिशेब शेरात मांडताना कोणत्या गावचा शेर हे जसे विचारावे लागे, तसेच येथेही विचारावे लागते.

मग अडीचपट हा आकडा खोटा म्हणावा काय? तसेही म्हणता येत नाही. कचेरीतील पत्रे, हिशेबाच्या वह्या, नावानिशीच्या याद्या यांत पुनरुक्ती भरपूर असते. त्या अडीचपट काय, अधिकही आकसतात. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालीच दाखविले होते, की सामान्य इंग्रजी लेखनाचा सुमारे निम्मा भाग भाषेच्या घडणीमुळे आपोआप ठरलेला असतो. तेवढा वगळला तरी अर्थ बुडत नाही. आपल्या मराठी मजकुराची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. आज रूढ असलेल्या संकेतलिपीत देवनागरीचे एकेक चिन्ह साठवावयास तीन बाइट लागतात. त्यांतील पहिला नेहमी एकच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. त्यामुळे मराठी पुस्तक यंत्रात घातले की ते झपाट्याने आकसते, आणि ठेवणाऱ्याला वाटते की केवढी बचत झाली! वास्तविक आधी जे उगीच फुगले होते तेच आता बसले.

परंतु प्रत्येक मजकूर असा नसतो. सर्वच ग्रंथ निम्मे करणारी युक्ती निघू शकत नाही, हे सिद्ध करावयास फारसे गणितही लागत नाही. तशी युक्ती असती, तर तिचाच प्रयोग पुन्हा पुन्हा करून आपण सारे वाङ्मय एका अक्षरात कोंबले असते. ज्यातील पुनरुक्ती एकदा काढून घेतली आहे त्यात काढण्याजोगे काही उरत नाही. आजची छायाचित्रे, चलच्चित्रे आणि बहुतेक गाणी ही संगणकात येतानाच आवळलेल्या रूपात येतात. कुलूपबंद म्हणून सांकेतिक लिपीत लिहिलेला मजकूरही यंत्राला नुसता गोंधळ दिसतो. अशा वेळी यंत्र शहाणपणाने संक्षेप सोडून देते आणि जसेच्या तसे लिहिते. मग पंचेचाळीसची फीत निमूटपणे अठराची होते.

आता रामघाटाच्या पाठाकडे वळू. कारण या विषयाची खरी परीक्षा तेथेच होते. वेद जपण्यासाठी आपल्या पूर्वजांनी संहिता, पद आणि क्रम यांच्यापुढे जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा आठ विकृती रचल्या. त्यांतील घन पाहा. पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, आणि पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे. मोजली तर तेरा पदे झाली. मग एक पद पुढे सरकावयाचे आणि तसेच तेरा. ऋग्वेदाची पदे परंपरेने १,५३,८२६ मोजली आहेत. ऋचांच्या आरंभी-अखेरी थोडे कमीजास्त होते ते सोडले, तर घनपाठात ही संख्या वीस लाखांच्या घरात जाते.

हा घनपाठ लिहून संगणकात घातला तर काय होईल? तेच पद, तेच शब्द, अगदी जवळजवळ. जुन्या एलटीओ यंत्रांची स्मृती केवळ १,०२४ अक्षरांची होती, तरी तेवढ्या अंतरात घनाची आवर्तने सहज सापडतात. यंत्र ‘मागे पाहा, मागे पाहा’ अशा खुणा करीत जाईल आणि ऋषींनी तेरापट केलेले पुन्हा फार थोडक्यात गुंडाळून ठेवील. वेष्टनावरचा आकडा येथे खरा तर ठरेलच, उलट कमी पडेल.

आणि तोच घनपाठ वैदिकाच्या मुखातून ध्वनिमुद्रित केला तर? तेरा वेळा उच्चारलेले एकच पद आपल्या कानाला एक वाटते. पण दर वेळचा श्वास निराळा, स्वराची उंची केसभर निराळी, मागे गंगेवरून जाणाऱ्या होडीचा आवाज निराळा. यंत्र कानाने ऐकत नाही. ते आकडे जुळविते, आणि आकडे एकदाही जुळत नाहीत. त्याच्या दृष्टीने येथे पुनरुक्ती नावाला नाही. म्हणून ध्वनीचा मूळ ठसा फितीवर जवळजवळ जसाच्या तसा उतरतो.

थोडा हिशेब करू. संग्रहालये ध्वनी जपताना सेकंदाला शहाण्णव हजार मोजमापे आणि प्रत्येकास तीन बाइट असे उत्तम माप वापरतात. दोन बाजूंचा आवाज धरला तर एका तासाला सुमारे २.०७ गिगाबाइट लागतात. समजा, पन्नास दिवसांचे पारायण रोज चार तास चालले. एकूण दोनशे तास, म्हणजे सुमारे ४१५ गिगाबाइट. वेष्टनावरचा पंचेचाळीसचा आकडा मानला तर एका फितीत अशी एकशेआठ पारायणे मावावीत. प्रत्यक्षात त्रेचाळीसच मावतील. ध्वनीसाठी खास निर्माण केलेल्या संक्षेपपद्धती आहेत. त्या लहरीचा कल ओळखून, काहीही न गमावता, ठसा सुमारे निम्म्यावर आणतात. पण ती बचत एकदाच मिळते. तसा ठसा फितीवर घालून वर फितीची अडीचपट मागणे म्हणजे पिळलेल्या उसाला दुसऱ्यांदा चरकात घालून रसाची वाट पाहणे होय.

श्रोतेहो, हा विषय कारखानदारांच्या आकड्यांचा आहे असे वाटून आपण तो सोडून दिला असता. पण त्यापायी काय जाऊ शकते, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी जुन्या ध्वनिमुद्रणांची प्रत करण्याचे काम चालले होते. संग्रह तीस टेराबाइटांचा. फिती सहाव्या पिढीच्या होत्या. कोणीतरी वेष्टनावरच्या सव्वासहाने भागाकार केला आणि पाच फितींची मागणी लिहून मंजूर करून घेतली. पाचवी फीत भरली तेव्हा साडेबारा टेराबाइटच उतरले होते. लागत होत्या बारा. उरलेल्यांसाठी पुढच्या वर्षीच्या तरतुदीची वाट पाहू असे ठरले. तोवर ज्या तबकडीवर ते सारे होते तिने मान टाकली. मूळ चाके काढून पाहिली, तो कित्येकांचा लेप चिकट होऊन यंत्राला धरू लागलेला. त्यांत एका वृद्ध वैदिकांचे पाठ होते, आणि ते गृहस्थ तोवर निवर्तले होते. कोणी दुष्टपणा केला नव्हता, कोणी आळसही केला नव्हता. एक भागाकार चुकीच्या आकड्याने झाला होता, एवढेच.

अशी हानी लहान संस्थांचीच होते असेही नाही. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो-११ च्या मूळ फिती नासाने पुढे शोधल्या, तेव्हा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ साली काढावा लागला. फितींची टंचाई पडली म्हणून जुन्या फिती कोऱ्या करण्याची रीत होती. त्या ओघात त्याही गेल्या. जगभरचे चुंबकीय फितींवरचे ध्वनी वेळीच उतरवून घ्या, नाहीतर ते वाजविणारी यंत्रेच उरणार नाहीत, असा इशारा युनेस्कोने २०१९ साली दिला. नव्या फितीही यातून सुटलेल्या नाहीत. एलटीओची यंत्रे सातव्या पिढीपर्यंत दोन पिढ्या मागची फीत वाचीत असत. आठव्या पिढीपासून ही सवलत आखडली. वेद कंठस्थ करणाऱ्याला जसा शिष्य मिळवावा लागतो, तसे दर काही वर्षांनी जुनी फीत नव्या फितीला शिकवावीच लागते. त्या प्रत्येक वेळी किती फिती लागतील हा हिशेब पुन्हा करावा लागतो, आणि पुन्हा वेष्टनावरचे दोन आकडे समोर उभे राहतात.

येथे आपल्या परंपरेकडून शिकण्याजोगे काही आहे असे मला वाटते. एकाच काशीत एकाच काळी दोन विद्या नांदल्या. व्याकरण सूत्रांत आवळून ठेवले आणि वेद विकृतींत विस्तारून ठेवले. एकीने पुनरुक्ती काढून टाकली, दुसरीने ती मुद्दाम तेरापट घातली. दोन्ही करणारे लोक तेच, बुद्धी तीच. मग हा विरोध कसा? उत्तर सोपे आहे. सूत्र हे स्मरणाच्या सोयीसाठी. त्याच्या मागे भाष्य आणि गुरू उभे असतात, आणि एखादे पद निसटले तर अर्थावरून पुन्हा बसविता येते. वेदाच्या बाबतीत अर्थावरून अंदाज करण्याची मुभा ठेवावयाची नव्हती. स्वरही ढळता कामा नये असा दंडक होता. म्हणून तेथे एकाच पदाला अनेक साक्षीदार नेमले. संहितेत चूक शिरली तर पदपाठ बोलेल, पदपाठात शिरली तर जटा बोलेल. वर अनुक्रमणी आहेतच. त्यांत सूक्ते किती, पदे किती, अक्षरे किती यांची गणती नोंदलेली आहे. ऋग्वेदाची अक्षरे ४,३२,००० सांगितली आहेत. मजकूर पोचला की मोजून पाहावा आणि संख्या जुळते का ते तपासावे, ही आजच्या संगणकशास्त्रातील नित्याची पद्धत आहे. ती पूर्वजांनी विजेच्या यंत्रासाठी शोधली असे कोणी म्हणू नये. पण गरज एक असली की विचारही एकाच वळणाने जातो.

आणि पाहा, फीत लिहिणारे यंत्रही अखेर हेच करते. संक्षेप करून जागा वाचविली, की लगेच ते स्वतः नवी पुनरुक्ती घालते. १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोघा गणितींनी मांडलेल्या पद्धतीने मजकुराबरोबर जास्तीची साक्षीची अक्षरे फितीवर लिहिली जातात. फितीचा एखादा भाग खरवडला तरी त्यांच्या आधारे मूळ मजकूर परत जुळविता येतो. भाषेतली पुनरुक्ती काढावयाची आणि हिशेबी पुनरुक्ती घालावयाची, असा हा व्यवहार आहे. तो आवश्यकच आहे. कारण आवळलेला मजकूर नाजूक असतो. सूत्रांतील एक अधिकारसूत्र हरवले तर पुढच्या कित्येक सूत्रांचा अर्थ लागत नाही. तसे मागचा भाग बिघडला, की ‘मागे पाहा’ म्हणणाऱ्या पुढच्या साऱ्या खुणा निराधार होतात.

तेव्हा ज्याच्याकडे काही जपून ठेवण्याचे काम आहे, मग ते विद्यापीठ असो, नभोवाणी केंद्र असो, की आजोबांची कीर्तने जपू पाहणारे एखादे कुटुंब असो, त्याने हिशेब लहान आकड्याने करावा. अठरा लिहिले असेल तर अठराच धरावे, आणि त्यातही थोडी जागा राखावी. आपला मजकूर कसा आहे हे एका फितीवर प्रत्यक्ष लिहून पाहावे. लिहिलेला भाग परत वाचून, मोजून, मूळाशी ताडून घ्यावा. संक्षेपाने जागा वाचलीच, तर तिला नफा समजून आणखी सामान भरण्याची घाई करू नये. त्या वाचलेल्या जागेवर आणि पैशावर पहिला हक्क दुसऱ्या प्रतीचा आहे, आणि ती प्रत दुसऱ्या गावी असावी.

वैदिक पठणाची परंपरा युनेस्कोने २००३ साली मानवजातीच्या मौखिक वारशात गणली आणि २००८ साली ती प्रातिनिधिक यादीत आली. ती तेथवर टिकून पोचली, याचे कारण सांभाळणाऱ्यांनी जागेची काटकसर केली नाही हे आहे. मनुष्याच्या स्मृतीत किती मावते याचे वेष्टन कोणी छापलेले नाही. रामघाटावरचा विद्यार्थी रोज तेच पद सरळ म्हणतो, उलट म्हणतो, पुन्हा सरळ म्हणतो. आपल्या तरुणपणाची कित्येक वर्षे तो या पुनरुक्तीत घालवितो, आणि त्या बदल्यात एकही मात्रा वाचवीत नाही. त्याच्या शेजारच्या खोलीत फिती मागविणाऱ्या माणसाने निदान भागाकार तरी बरोबर करावा, एवढीच अपेक्षा आहे.